परातीतली होडी

रविवारची सकाळ. आमच्या सांगलीच्या घरात, ओट्याखालच्या फरशीवर पितळी परात पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेली, आणि तिच्याभोवती सहा मुलं पालथी पडलेली. पाण्यावर जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदाची नखाएवढी होडी. होडीच्या मागच्या टोकाला एक खाच, खाचेत कापराचा कण. होडी आपणहून पळणार, असं मी आदल्या दिवसापासून सांगून ठेवलेलं होतं. होडी पळेना.

फुंकर मारायची नाही असं ठरलं होतं, तरी एकानं हळूच मारलीच. मग सूचना सुरू झाल्या. कापूर जुना असेल. पाणी गार आहे. होडी जड झाली. आम्ही एकेक करून सगळं बदललं. देवघरातून नवी डबी आली, पाणी कोमट केलं, होडी निम्मी कापली. ती तशीच ढिम्म. माझा चेहरा पडला होता, कारण आदल्या रात्री स्टीलच्या ताटात मी स्वतः हे करून पाहिलं होतं आणि तिथं ती भिंगरीसारखी फिरली होती. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, या परातीत तुम्ही कणीक मळता ना? मग शेवटी तेलाचा हात लावत असाल."

लावते तर! परात घासायला गेली. भांड्यांच्या साबणानं लख्ख घासून आणली, तरी होडी हलेना. आता दोष साबणाचा होता, पण ते कळायला आणखी पंधरा मिनिटं गेली. शेवटी नळाखाली सात-आठ वेळा खळखळून धुतली, पुसायचं फडकं जवळ येऊ दिलं नाही, आणि मग होडी जी सुटली ती काठाला धडकत, वळत, पुन्हा सुटत कितीतरी वेळ फिरत राहिली. त्याच मुलीनं मग तेलाच्या बुधलीला बोट लावलं आणि ते पाण्याला टेकवलं. होडी जागच्या जागी थांबली. मुलांनी एवढा आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं.

या पुस्तकाचा आरंभ त्या परातीत आहे. त्याआधीही मी मुलांबरोबर खेळणी करत होते, पण ती नीट चालावीत म्हणून धडपडत होते. न चाललेलं खेळणं मी गुपचूप दुरुस्त करून ठेवत असे. त्या दिवशी दुरुस्त करायला मला वेळच मिळाला नाही, आणि मुलांनी जे केलं ते मी कितीही शिकवून त्यांच्याकडून झालं नसतं.

होडी का पळते ते आधी सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो आणि तो चहूबाजूंनी सारखा ओढत असतो. मागच्या खाचेतला कापूर पाण्यावर पसरतो तिथं हा ताण कमी होतो. पुढचं पाणी मात्र पहिल्याच जोरानं ओढत राहतं, म्हणून होडी पुढे जाते. पसरलेला कापूर हवेत उडून जातो, त्यामुळे खेळ बराच वेळ चालू शकतो. तेलानं किंवा साबणानं सगळीकडचाच ताण उतरला की एका बाजूनं जास्त ओढायला काही उरत नाही.

हा पोरखेळ एका फार मोठ्या माणसानंही केला आहे. इंग्लंडचे लॉर्ड रॅले, ज्यांना पुढे 1904 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी 1890 साली 84 सेंटिमीटर व्यासाचं अंघोळीचं पसरट घंगाळ घेतलं, पाण्यावर कापराचे कण नाचवले आणि ते थांबवायला किती ऑलिव्ह तेल लागतं ते तोललं. उत्तर आलं एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी. तेवढं तेल तेवढ्या पाण्यावर पसरलं तर त्याच्या थराची जाडी निघते मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी दीड-दोन भाग. रेणू खरोखर असतात की नाही यावर तेव्हा विद्वानांत वाद चालू होते, आणि हा गृहस्थ घंगाळाशी बसून जवळजवळ रेणूच्याच मापाची जाडी मोजत होता. आमच्या परातीचा व्यास साधारण 40 सेंटिमीटर. हिशोब केला तर तिच्यासाठी तेलाच्या एका थेंबाचा शंभरावा भागसुद्धा जास्तच होतो. माझ्या कणकेच्या हातानं काय केलं असेल ते यावरून समजावं.

पण मला रॅलेंपेक्षा जवळची वाटते ती जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची आग्नेस पॉकेल्स. जन्म 1862 चा. मुलींना विद्यापीठाचं दार बंद असल्यामुळे ती घरीच राहिली. आजारी आईवडिलांचं करायचं, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. भौतिकशास्त्राची पुस्तकं मिळायची ती धाकट्या भावाकडून. खरकट्या पाण्यावर तेलाचे तवंग रोज दिसतात, ते तिनंही पाहिले. फरक एवढाच की तिनं ते मोजायला घेतले. पत्र्याचं एक लांबट भांडं, त्यावर आडवी सरकणारी पत्र्याची पट्टी, आणि पाण्याला टेकवलेली एक बारीकशी चकती उचलायला किती जोर लागतो ते दाखवणारा छोटा तराजू. पट्टी सरकवली की तवंगाला जागा कमी किंवा जास्त होते आणि पाण्याचा ताण बदलतो. दहा वर्षं तिनं हे केलं आणि 1891 च्या जानेवारीत रॅलेंना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. रॅलेबाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, रॅलेंनी तो 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तो छापून आला. तिच्या भांड्याची सुधारलेली आवृत्ती पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी वापरली आणि त्या विषयातल्या कामाला 1932 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या आग्नेसबाईंना त्यांच्या गावच्या तंत्र महाविद्यालयानं मानद डॉक्टरेट दिली. ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं, "मग त्या दिवशी भांडी कुणी घासली?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. उत्तर अर्थात त्यांनीच.

स्वयंपाकघरात विज्ञान आहे असं आजकाल सगळेच म्हणतात. मोहरी तडतडते त्यात वाफ, ज्वारीच्या लाह्या फुटतात त्यात वाफ, कुकरच्या शिट्टीत वाफ. एवढ्यावर व्याख्यान संपतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. स्वयंपाकघरात बिघडलेल्या गोष्टीकडे बघायची एक रीत असते, आणि ती घरातल्या बायकांना कुणी न शिकवता येते. इडलीचं पीठ आलं नाही तर आई काय करते? उडीद जुने होते का, थंडी पडलीय का, मीठ आधी घातलं का, पाणी जास्त झालं का, असं एकेक तपासते आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून पाहते. चारही एकदम बदलल्या तर कशानं आलं ते कळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. प्रयोगशाळेत हीच रीत शिकवायला दोन वर्षं घालवतात. खेळणं हे या रीतीला फार सोयीचं, कारण ते खोटं बोलत नाही. वहीतल्या उत्तराला बरोबर किंवा चूक ठरवायला बाई लागतात. भोवरा फिरला की नाही ते मात्र समोरच दिसतं.

आपल्याकडे मुलांच्या खेळात स्वयंपाकघर फार जुनं आहे. भातुकलीत सगळा संसार बोटभर होतो. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर लाकडाची रंगीत चूल-बोळकी आजही करतात. भातुकलीत खऱ्या स्वयंपाकघराचं खेळणं होतं. या पुस्तकात उलटा प्रवास आहे: खरी परात, खरी हळद, खरं लिंबू, आणि त्यांचंच खेळणं. यातून आणखी एक गोष्ट घडली, जिची मला अपेक्षा नव्हती. आमच्याकडे येणाऱ्या मुलग्यांना पहिल्या महिन्यात चाळणी आणि झारा यांतला फरक माहीत नव्हता. आता त्यांतला एक जण घरी स्वतःहून कणीक मळतो, असं त्याची आई सांगते. कणकेत पाणी किती, हे त्याला पाणबुड्याच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या बाटलीतल्या एका खेळण्याच्या, वजनासाठी कळून घ्यायचं होतं, म्हणून.

कचऱ्यातून खेळणी करायची वाट या देशात ज्यांनी रुळवली त्यांचं ऋण सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. मध्य प्रदेशात 1972 साली सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या मुलांनी पाठांतराऐवजी हातानं करून शिकावं, हा त्यामागचा विचार. पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करणारे, कानपूर आयआयटीचे अभियंते अरविंद गुप्ता 1978 साली रजा काढून तिथं गेले. आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे बारीक तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, घन, घरं, रेणूंचे सांगाडे उभे केले. काडी दोन्हीकडून ट्यूबमध्ये खोचली की सांधा लवचिक होतो. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलांना, छपरांना आणि विजेच्या मनोऱ्यांना त्रिकोण का लागतात, हे यानंतर पाठ करावं लागत नाही. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दहाएक वर्षं काम केलं. ती वास्तू उभी राहिली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आणि तिचं नाव आहे पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा आणि त्यात दडलेले पु. ल.! नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र 2002 साली सरकारनं बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम असं थांबावं याची चुटपुट तिथल्या शिक्षकांइतकीच मला परक्यालाही लागते.

त्याही आधी, 1945 सालापासून, ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या. मॉन्टेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून येणार? त्यांनी बिया, पानं, शिंपले, खडे घेतले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले सुदर्शन खन्ना गल्लीबोळांत आणि जत्रेत विकली जाणारी गतिमान खेळणी गोळा करत हिंडले. माझ्या लहानपणी कोकणात आजोळी आम्ही आंब्याची रुजलेली कोय दगडावर घासून पिपाणी करत होतो, आणि त्यात काही शिकण्यासारखं आहे असं कुणीही आम्हाला सांगितलं नाही, हे आमचं भाग्य.

कारण सांगण्याची घाई हा या कामातला मोठा रोग आहे. मलाही तो होता. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले होते. थर्माकोलचे सात ज्वालामुखी, सातही दुकानातल्या तयार संचातले, आणि प्रत्येकामागे उभं राहून एकेक मूल तोच मजकूर घडाघडा म्हणत होतं. मी एकाला विचारलं, "सोडा कमी घातला तर?" तो गडबडून आईकडे बघायला लागला. त्याचा दोष नव्हता. त्याला कमी घालून बघायची मुभाच कुणी दिली नव्हती. संचात पुडी एकच होती.

म्हणून या पुस्तकात खेळण्यांची कृती आहे, 'असं का होतं' याचा रकाना नाही. मजकूर वाचणाऱ्या एका मित्रानं यावर बरीच हुज्जत घातली. पालक गोंधळतील, म्हणाला. गोंधळू देत. पाणबुड्याचं उदाहरण घ्या. पेनाच्या टोपणाला कणकेची गोळी लावायची, पेल्यातल्या पाण्यात ते जेमतेम तरंगेल इतकं वजन जुळवायचं, मग काठोकाठ भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडून झाकण घट्ट लावायचं. बाटली दाबली की टोपण खाली जातं, सोडली की वर येतं. गॅलिलिओचा शिष्य राफाएल्लो माजोत्ती यानं 1648 साली अशा खेळण्याचं वर्णन केलं होतं. नाव मात्र पडलं तत्त्वज्ञ देकार्तचं; त्याचा यात हात असल्याचं दिसत नाही, पण मोठ्या माणसांच्या नावावर असा माल जमा होतच असतो.

आमच्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलानं लगेच सांगितलं, "हात पाण्याला ढकलतो, पाणी टोपणाला खाली ढकलतं." मी तोंड उघडणार तोच दुसरी म्हणाली, "मग बाटली तळाशी दाब. टोपण वर जायला पाहिजे." तळाशी दाबली. टोपण खालीच आलं. आडवी धरून दाबली, उलटी धरून दाबली. मुलं चाट पडली. अर्धा तास असा गेला. मग कुणीतरी निळ्या टोपणाऐवजी पारदर्शक टोपण आणलं आणि दाबताना त्याच्या आत पाणी चढतंय, हवा आकसतेय, हे सगळ्यांना एकदम दिसलं. दाब सगळीकडे सारखाच पोचतो, आतली हवा दबली की टोपणात पाणी शिरून ते जड होतं, हे वाक्य मी त्या दिवशी उच्चारलं नाही. त्यांच्या शब्दांत ते असं होतं: "टोपण पाणी पितं आणि बुडतं." मला हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त बरोबर वाटतं.

कणकेची गोळी तासाभरात पाण्यात पिठूळ होते आणि पाणबुड्या बिघडतो. मातीची गोळी टिकाऊ आहे. तरी मी कृतीत कणीकच ठेवली आहे.

हळदीबद्दल थोडं लिहायला हवं, नाहीतर सांगलीचं नाव लावायचा मला अधिकार नाही. हे हळदीच्या बाजाराचं गाव. जवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवत. 2005 च्या पुरानं त्यांतली बरीचशी पेवं गिळली. आमच्या मुलांपैकी दोघांच्या घरी हळदीचा व्यापार आहे, पण शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे त्यांच्या दुकानात कुणी विचारलेलं नव्हतं. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं त्यावर चित्र काढायचं. चित्र लाल उमटतं, आणि लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. हळद आणि चुना यांपासून कुंकू करायची जुनी रीत हीच. मुलांनी घरोघरची कुंकवं आणून त्यांवर लिंबू पिळलं. काही पिवळी पडली, काही लालच राहिली. मग घरोघरी जी चर्चा झाली तिचं खापर माझ्यावर फुटलं. असो.

पुंगीची कृती तीन वेळा बदलावी लागली. प्लास्टिकच्या नळीचं टोक चपटं करून दोन्हीकडून तिरकं कापलं की ती सनईसारखी वाजते, आणि वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीनं कापत गेलं की सूर चढत जातो. जुलै 2022 मध्ये अशा नळ्यांवर देशभर बंदी आली. बंदी योग्यच आहे, पण आलेली कागदी नळी दोन फुंकांत तोंडात विरघळते. शेवटी पपईच्या पानाच्या देठावर आलो. चीक तेवढा आधी स्वच्छ धुवावा.

काळजीच्या चार गोष्टी आहेत, त्या लहान अक्षरांत मागे टाकायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. कापराचा कण खडीसाखरेसारखा दिसतो आणि तो पोटात गेला तर विषारी आहे; चार-पाच वर्षांची भावंडं घरात असतील तर डबी मोठ्यांच्याच हाती राहू द्या. खायचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून हळदीच्या खेळात चुना न घेता सोडा घेतला आहे. बटणासारखे सेल आणि छोटी लोहचुंबकं गिळली जातात, त्यांची एकही कृती इथं नाही. गॅस पेटवावा लागेल अशा कृती तीनच आहेत, त्या मोठ्यांनी करायच्या.

मापं चमचा-वाटीची आहेत. तुमचा चमचा माझ्यापेक्षा मोठा असेल, तेव्हा खेळणं पहिल्या झटक्यात चालणार नाही. एखाद्या आईनं मला विचारलं की ही खेळणी टिकतात किती दिवस, तर खरं उत्तर आहे संध्याकाळपर्यंत. परात पोळ्यांना लागते, बाटली फ्रिजमध्ये जाते, लिंबाचं सरबत होतं. मांडून ठेवायला काही उरत नाही, आणि छोट्या घरांत ही सोयच म्हणायची.

एक बाटली मात्र गेले दोन महिने आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात तशीच उभी आहे. तिच्यातला पाणबुड्या, म्हणजे काचेच्या ड्रॉपरचा एक तुकडा, सकाळी तळाशी असतो आणि दुपारी कुणी हात न लावता वर येतो. एक मुलगा म्हणतो, रात्री हवा गार होऊन आकसते. एक मुलगी म्हणते, गार पाणी हवा पिऊन टाकते. तिसऱ्याचं म्हणणं बाटलीच आकसते आणि हातानं दाबल्यासारखी स्वतःला दाबते. तिघंही आपापलं सोडायला तयार नाहीत. कालपासून बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं आहे आणि शेजारी, माझ्या वाणसामानाच्या वहीत, दर तासाला एक नोंद होते आहे. त्या पानावरची तूरडाळ आणायची राहिली.